जुना पिकअप पुन्हा उभा करताना

“पंधरा वर्षं झाली, आता ही गाडी भंगारातच जाणार ना?” दारात जुना पिकअप उभा असलेला माणूस आधी हे विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “आणि ठेवलीच, तर हिचे पार्ट कुठे मिळणार?”

मीरा-भाईंदरमध्ये हे प्रश्न पोटापाण्याचे आहेत. उत्तनच्या किनाऱ्यावरून मासळी आणि बर्फ घेऊन निघणारे पिकअप, राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यातला माल आणणारे टेम्पो, भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी उचलणाऱ्या गाड्या, काशीमिऱ्याहून महामार्गाला लागणारे छोटे मालवाहक. यांतल्या कित्येक गाड्यांवर एकेक घर चालतं. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही आणि जुनी रोज काहीतरी मागते, अशा कात्रीत मालक असतो.

माझं मत आधीच सांगतो. चासी आणि कागद शाबूत असतील, तर पिकअपचं बाकी जवळजवळ सगळं दुरुस्त होतं किंवा मिळतं. ते स्वस्तात मिळवायचं असेल, तर दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. पार्टचा नंबर आणि माप सांगावं लागतं. हे दोन्ही कसं करायचं ते आता क्रमाने पाहू.

१. पंधरा वर्षांचा नियम नेमका काय आहे?

हा गोंधळ दिल्लीमुळे झाला आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं रस्त्यावर आणण्याविरुद्ध आदेश निघाले आणि त्याच्या बातम्या देशभर पसरल्या. महाराष्ट्रात नुसत्या वयामुळे गाडी आपोआप बाद होत नाही. इथे कसोटी योग्यतेची असते, जिला सगळे ‘पासिंग’ म्हणतात.

मालवाहू पिकअप व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेला असतो. त्याचं योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. खासगी नोंदणीच्या गाडीचं तसं नसतं. तिची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वयाबरोबर वाढतो तो खर्च. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं पासिंग आणि नूतनीकरणाचं शुल्क बरंच चढलं आहे. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांना महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. शुल्क अधूनमधून बदलतं, म्हणून चालू दर ‘परिवहन’ संकेतस्थळावरच पाहावेत. एजंटच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कागद काढा. आरसी कोणाच्या नावावर आहे? कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवला आहे का? कर, विमा, पीयूसी, थकलेली चलनं यांची स्थिती काय आहे? गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल, तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का? मग गाडीपाशी जाऊन चासीवर ठोकलेला नंबर शोधा. तो सहसा पुढच्या चाकाजवळ, लांब बीमवर असतो. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा आणि उमटलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबर गंजाने खाल्ला असेल, तर सगळ्यात आधी त्याविषयी आरटीओशी बोलावं लागेल. नंबर वाचता येत नसलेल्या गाडीवर लाख रुपये घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं, हौद्याची लांबी वाढवणं असे बदल मनाने करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्यासाठी परवानगी लागते. त्याच जातीचं इंजिन बदललं, तरी नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

घरात १९७० च्या आसपासचा जीप-पिकअप पडून असेल, तर त्याचा रस्ता वेगळा. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशा गाडीने धंदा करता येत नाही, ती रोज रस्त्यावरही आणता येत नाही. या प्रकरणाचा विषय कमावती गाडी हा आहे.

२. आधी चासीखाली जा

पिकअप आणि मोटारगाडी यांत मूळचा एक फरक आहे. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याची कायाच सगळा भार पेलते. पिकअपमध्ये खाली दोन लांब पोलादी बीम आणि त्यांना जोडणारे आडवे बीम असतात. ही चासी. केबिन, हौदा, इंजिन हे सगळं तिच्यावर बोल्टने बसवलेलं असतं, म्हणून ते काढता येतं, बदलता येतं. चासी बदलणं म्हणजे कागदोपत्रीही दुसरी गाडी करणं.

आपल्या भागात चासीचा वैरी मीठ आहे. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी, मध्ये मिठागरं, वर चार महिने पाऊस. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. पाण्यात मीठ विरघळलं की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया कित्येक पट वेग घेते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसला की तो घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो, सुटून पडतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. म्हणून एकमेकांवर ठेवून रिव्हेट मारलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये गंज शिरला की त्या पट्ट्या फुगून फाकतात. मासळीच्या गाडीत हे हमखास दिसतं. बर्फ वितळून खारट झालेलं पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं मागच्या ॲक्सलच्या वर, चासीच्या बीमवर ठिबकत राहतं.

तपासणी अशी करावी. गाडी जॅकवर आणि भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. लहान हातोडीने पुढून मागे बीम वाजवत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि हातोडीखाली पापुद्रे सुटतात. चार जागा विशेष बघा. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बीमला बसतात ती जागा. मागच्या ॲक्सलच्या वरची कमान, कारण तिथे चिखल साचतो. आडव्या बीमचे सांधे. आणि बॅटरीच्या तबकाखालचा भाग, जिथे आम्ल गळलेलं असतं. संशय आला तर जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचा. आरपार गेला, तर वरचा रंग कितीही चकचकीत असू दे, तिथे चासी उरलेली नाही.

एखाद-दुसऱ्या जागी हातभर पट्टा गेला असेल, तर चांगला वेल्डर तेवढा भाग कापून, निरोगी धातूपर्यंत घासून, त्याच जाडीच्या पोलादाची पट्टी आतून-बाहेरून लावू शकतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या आणि डिझेलची टाकी लांब न्यायची, हे बजावून सांगा. पण दोन्ही बीम जागोजागी खाल्लेले असतील, तर थांबा. शेवटच्या भागातला हिशेब पाहिलात की कारण कळेल.

चासी वाचवता येण्यासारखी असेल तर रंगाच्या क्रमात घाई नको. आधी गंज पूर्ण काढायचा, मग जस्तयुक्त प्रायमर, मग रंग, आणि बीमच्या आतल्या पोकळ्यांत मेण किंवा गंजरोधक तेलाचा फवारा. जस्ताचं काम मोलाचं असतं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड काही काळ वाचतं. चिखलाने बुजलेली पाणी वाहून जाण्याची भोकं मोकळी करा. मासळीची खेप संपली की रोज गोड्या पाण्याने हौद्याखालून गाडी धुवा. याला जवळजवळ काहीच खर्च नाही आणि गाडीचं आयुष्य वाढवणारा याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

३. धूर बघा, मग इंजिन उघडा

“इंजिन गेलंय, बांधावं लागेल” हे वाक्य गॅरेजमध्ये फार लवकर ऐकू येतं. इंजिन बांधणं हा या कामातला सगळ्यात मोठा खर्च, म्हणून त्याआधी इंजिनाची लक्षणं स्वतः वाचायला हवीत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि नोझलने उडवलेलं डिझेल त्या उष्णतेनेच पेटतं. याचा अर्थ असा की डिझेल इंजिनाची तब्येत दोन गोष्टींवर ठरते: हवा किती दाबली जाते, आणि डिझेल किती बारीक व वेळेवर उडतं.

आता धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर नोझल ठिबकत असेल. हे किरकोळ खर्चाचं काम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील. पांढरा धूर थंड इंजिनाला थोडा वेळ आला तर चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्या.

दुसरी तपासणी साधी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. बारीक वाफ येणं ठीक. झाकण थडथडत असेल आणि धुराचे दणके बाहेर येत असतील, तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने खाली गळते आहे. खात्रीसाठी प्रत्येक सिलिंडरचं काँप्रेशन मोजून घ्या. चारपैकी तीन सारखे आणि एकच ढिला असेल, तर अख्खं इंजिन बांधण्याची गरज नसू शकते.

सगळ्याच सिलिंडरांत दम नसेल, तेव्हा इंजिन उघडावंच लागतं. मग ‘स्टँडर्ड’ आणि ‘ओव्हरसाइझ’ हे शब्द कानावर येतात. झिजून अंडाकृती झालेलं सिलिंडर मशीनवर थोडं मोठं कोरतात, म्हणजे पुन्हा गोल होतं, आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालतात. या पायऱ्या ठरलेल्या असतात: ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर. जुने मिस्त्री त्याला दहा, वीस, तीस म्हणतात, म्हणजे इंचाचे इतके हजारावे भाग. महिंद्राच्या २,५२३ सीसीच्या डिझेल इंजिनाचा बोअर मुळात ८८.९ मिलिमीटर. तो वीसमध्ये नेला की साधारण ८९.४ होतो. क्रँकशाफ्टचं याच्या उलट. ती घासून बारीक करतात आणि बेअरिंगची वाटी तेवढी जाड घेतात. म्हणून सुटे भाग आणण्याआधी मशीनशॉपकडून मोजमाप लिहून घ्या. आधीच्या मालकाने तीसपर्यंत बोअर नेला असेल आणि तुम्ही स्टँडर्ड पिस्टनचा सेट आणलात, तर तो पैसा अडकला. ज्या इंजिनात लायनर बसतात, तिथे लायनर बदलून पुन्हा स्टँडर्ड मापावर येता येतं.

डिझेल पंप आणि नोझल मात्र गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. ते पंपवाल्याच्या चाचणी यंत्रावरच जुळवावे लागतात.

४. पार्टचा नंबर वाचायला शिका

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचे कारखाने आहेत. तिथे हरवलेल्या झाकणाची जोडी शोधायची तर डबा कोणत्या दुकानातून घेतला याला महत्त्व नसतं. झाकणाचं माप सांगितलं की झाकण हातात येतं. गाडीच्या निम्म्याअधिक भागांचं असंच आहे. गाडी बनवणारी कंपनी बेअरिंग, सील, पट्टे, दिवे, फिल्टर असे भाग बाहेरून घेते आणि त्यांतले बरेच जगभर ठरलेल्या मापांचे असतात. दुकानात “अमुक गाडीचं बेअरिंग द्या” म्हटलं की मॉडेलच्या नावाची किंमत लागते. नंबर सांगितला की बेअरिंगची किंमत लागते.

बेअरिंग हातात घ्या, कडेवरचा मळ डिझेलने पुसा. कोरलेले आकडे दिसतील, समजा ६२०५. पहिला ६ सांगतो की हे साधं गोळ्यांचं बेअरिंग आहे. दुसरा आकडा त्याच्या भरीवपणाची मालिका सांगतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा: ०५ गुणिले ५, म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०५ कोणत्याही कंपनीचं घ्या, ते आत २५, बाहेर ५२ आणि जाडीला १५ मिलिमीटरच असतं. ६३०६ असेल तर आतलं भोक ३० मिलिमीटर. चाकांत सहसा शंकूच्या आकाराच्या रोलरचं बेअरिंग असतं, उदाहरणार्थ ३०२०६, तिथेही शेवटच्या दोन आकड्यांचा तोच नियम. (०० ते ०३ या आकड्यांना हा गुणाकार लागू नाही आणि इंचातल्या बेअरिंगचे नंबरही वेगळ्या पद्धतीचे असतात. तिथे नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या.) नंबरामागची अक्षरंही सोडू नका. ‘सी-३’ म्हणजे आत किंचित जास्त मोकळीक, ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं.

ऑइल सीलवर ५०-७२-१० असं काही लिहिलेलं असतं. शाफ्ट ५० मिलिमीटर, बाहेरची बैठक ७२, जाडी १०. फॅन बेल्टवर १३ × १००० असेल, तर रुंदी १३ आणि लांबी १००० मिलिमीटर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘नवा, न वापरलेला’ म्हणून कोणी स्वस्तात टायर देऊ केला, तर आधी हे चार आकडे वाचा. रबर न वापरताही म्हातारं होतं.

एक सवय लावून घ्या. काढलेला प्रत्येक पार्ट पुसून त्याच्या नंबराचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि नवा बसेपर्यंत जुना फेकू नका. जुना पार्ट हातात घेऊन दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला चुकीचा माल सहसा मिळत नाही.

५. गाड्यांची भावकी

नंबर नसलेल्या भागांसाठी, म्हणजे गिअर, पंप, हेड, क्लच यांच्यासाठी, आपल्या गाडीचे नातेवाईक कोण हे माहीत असावं लागतं. भारतात हे नातं फार दूरवर पसरलेलं आहे आणि तेच जुन्या गाडीवाल्याचं भांडवल आहे.

महिंद्राचंच बघा. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. पुढे १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या जोडीने ट्रॅक्टरची कंपनी निघाली आणि त्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचं कूळ जीपमध्ये आलं. म्हणूनच २,५२३ सीसीच्या इंजिनाची मापं आजही इंचात पूर्ण बसतात: बोअर ८८.९ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेतीन इंच, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर म्हणजे बरोबर चार इंच. प्यूजोच्या परवान्यावरची इंजिनं इगतपुरीला बनू लागली, तीही या घराण्याच्या अनेक गाड्यांत बसली. परिणाम असा की जुन्या महिंद्रा पिकअपचा एखादा भाग पिकअपच्या नावाने मिळाला नाही, तरी कमांडर, मार्शल, मॅक्स किंवा २००० साली आलेल्या बोलेरोच्या नावाने मिळू शकतो. खेडोपाडी आजही या गाड्या चालतात, म्हणून त्यांचा माल बनत राहतो.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ या इंजिनाचा परवाना त्यांच्याकडे होता आणि ते इंजिन ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही बसलं. त्यामुळे त्या इंजिनाच्या मॅटाडोरचा पिस्टन मिळतो, दाराची काच मात्र मिळत नाही. २००५ मध्ये आलेली दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची टाटा एस इतकी खपली की तिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही असतात.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल अनेक मॉडेलांत वाटलेले असतात, म्हणून टिकतात. काचा, दिव्यांच्या चौकटी, दाराची रबरं, डॅशबोर्ड हे एकाच मॉडेलचे, म्हणून तेच आधी नाहीसे होतात. जुनी गाडी विकत घेताना थोडा दम गेलेलं इंजिन पत्करा. फुटलेली खास काच आणि हरवलेला फाळका यांचा मात्र आधी पत्ता लावा.

६. कुठे जायचं, काय घ्यायचं

पार्ट चार प्रकारांनी मिळतो. कंपनीच्या पाकिटातला. मूळ उत्पादकाच्या स्वतःच्या पाकिटातला, जो बहुतेक वेळा तोच माल असतो आणि स्वस्त पडतो. लोकल, म्हणजे छोट्या कारखान्याचा. आणि तोडलेल्या गाडीतून काढलेला जुना. माझी पसंती दुसऱ्या प्रकाराला आहे. क्लच प्लेट, बेअरिंग, फिल्टर, नोझल यांच्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतंच. ते वाचा आणि त्या नावाने मागा.

सुरुवात घराजवळून करा. काशीमिऱ्यापासून घोडबंदरपर्यंत महामार्गाच्या आधाराने चालणारी गॅरेजं आणि दुकानं आहेत. रोज झिजणारा माल तिथेच मिळतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतले लेथ आणि प्रेस हे तर आपलं मोठं बळ आहे. बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट, हौद्याचा पत्रा, फाळक्याच्या बिजागऱ्या या वस्तू शोधत मुंबई पालथी घालू नका. नमुना टर्नरपुढे ठेवा आणि माप देऊन करून घ्या.

मोठ्या कामासाठी लोकल पकडून चर्नी रोडला उतरा. ऑपेरा हाउस परिसरात सुट्या भागांच्या घाऊक दुकानांची जुनी पेठ आहे. जुने, काढलेले भाग हवे असतील तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ. देशात दिल्लीचं काश्मिरी गेट नव्या मालासाठी आणि मायापुरी जुन्या मालासाठी नावाजलेलं आहे. दुर्मीळ कास्टिंग तुटलं आणि कुठेच मिळेना, तर कोल्हापूर आठवा. शिवाजी उद्यमनगर आणि भोवतालच्या फाउंड्रीत नमुन्यावरून ओतकाम करणारे कसबी लोक आहेत. एका नगासाठी ते महाग पडतं, पण चारपाच मालकांनी मिळून नग काढले तर परवडतं.

जुना पार्ट काय म्हणून घ्यावा? जे लोखंड झिजत नाही किंवा झीज डोळ्यांनी दिसते ते: दार, बॉनेट, फाळका, आरशाचं ब्रॅकेट, गिअरबॉक्सचं आवरण, रिम, अल्टरनेटरचं शरीर. बिल मात्र मागाच, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स घेत असाल तर बिलावर त्याचा नंबर आणि ज्या गाडीतून काढला तिचा नंबर लिहून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल नसेल तर आपल्याला ठाऊक नव्हतं हे सांगणंही अवघड होतं.

आणि जिथे एक रुपयाही वाचवू नये ते: ब्रेक आणि स्टिअरिंग. मास्टर सिलिंडरची किट, ब्रेकचे होज, लायनर, टाय रॉडचे टोक, किंगपिन, बॉल जॉइंट हे नवे, नावाजलेल्या उत्पादकाचे, एमआरपी आणि महिना-साल छापलेल्या बंद पाकिटातले घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते मुदतीत बदलायला हवं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तर पूर्ण काढून नवं भरा. जुने ब्रेक लायनर साफ करताना हवेचा झोत मारू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजातल्या पोऱ्यालाही हे सांगा, त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

७. हिशेब

शेवटी एक उदाहरण करून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा पिकअप नीट उभा करायला १,८०,००० रुपये लागणार. चासी निरोगी आहे, त्यामुळे गाडी आणखी चार वर्षं, म्हणजे ४८ महिने चालेल. भागाकार केला तर महिन्याला ३,७५० रुपये. पासिंग, कर, विमा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला ४८,००० धरा, म्हणजे महिन्याला ४,०००. एकूण ७,७५० रुपये. आता नव्या गाडीसाठी ६,००,००० रुपयांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ताच सुमारे १२,७५० रुपये येतो. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. पाच वर्षांनी त्या गाडीला चांगली किंमत येईल हे खरं, पण तोपर्यंत दर महिन्याला हप्ता काढायचा आहे.

आता फक्त एक आकडा बदला. चासी कुजलेली आहे आणि गाडी जेमतेम एक वर्ष टिकणार. १,८०,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला १५,०००. वरचे ४,००० धरून १९,०००. त्याच गाडीवर, तेवढाच खर्च करून, सौदा नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा महाग झाला. म्हणून पहिला दिवस हातोडी घेऊन चासीखाली घालवायचा.

हिशेबात गाडी बंद असलेले दिवसही धरा. एक पार्ट स्वस्तात मिळावा म्हणून गाडी आठवडाभर उभी ठेवली आणि रोजची खेप बुडाली, तर तो पार्ट स्वस्त नव्हता. म्हणून सगळे नंबर लिहून, भाव काढून, माल हाती आल्यावरच गाडी उघडायला द्या.

आणि हातोडीने उत्तर ‘नाही’ असं दिलं तर? गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या, जमा प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. ते प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत व्यावसायिक वाहनासाठी ती १५ टक्क्यांपर्यंत ठेवली आहे. नोंदणी रद्द केली नाही, तर गाडीचे तुकडे झाले तरी आरटीओच्या दप्तरात ती तुमच्याच नावावर चालू राहते आणि तिच्या नंबरावर पुढे काही घडलं तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.